बसलेल्या टायरची पंचायत

जालना जिल्ह्यात सायकलचं टायर पंक्चर करण्याचं काम शेती आणि उद्योग यांनी आपसांत वाटून घेतलं आहे. अंबड, मंठा, राजूर, कुठल्याही रस्त्याला लागा, कडेला वेडी बाभूळ उभीच असते. शेताला कुपाटी करायची म्हणून कुणीतरी तिच्या फांद्या ओढत नेतो आणि निम्मे काटे डांबरावर सोडून जातो. पावसाळा सरला की सराटे तयार होतात. सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर तोंड करूनच असतो; इतकी चोख व्यवस्था निसर्गानं पिकाच्या बाबतीत का ठेवली नाही, हे शेतकऱ्यांनी विचारावं. बरं, काटे चुकवावेत म्हणून औद्योगिक वसाहतीकडे वळावं, तर तिथे भंगाराच्या ट्रकमधून सांडलेले लोखंडाचे कपटे. घरं बांधायला लागणारी सळई आमचं जालना ढिगानं तयार करतं, आणि त्यातला किरकोळ वाटा आमच्या ट्यूबमध्ये जमा होतो. ‘जालना सोने का पालना’ असं जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात. सायकलवाल्याच्या वाट्याला मात्र लोखंडच येतं.

तेव्हा पंक्चर होणार, हे धरूनच चालावं लागतं. रविवारी पहाटे रंगीत टोप्या घालून बाहेर पडणारे आमच्याकडचे डॉक्टर, बियाणं कंपन्यांतले अधिकारी, मोंढ्यातले व्यापारी आणि मास्तर लोक हे धरूनच चालतात. पिशवीत जादा ट्यूब असते. चाक काढणं, काटा शोधणं, ट्यूब बदलणं सगळ्यांना जमतं. त्यानंतर हातात एक मऊ, निर्जीव चाक उरतं आणि खरा मतभेद तिथे सुरू होतो: यात हवा कशानं भरायची? राजकारणावर एकमत असलेली माणसं या मुद्द्यावर फुटतात. हातपंपवाले, गॅसवाले, बॅटरीवाले आणि ‘पुढच्या फाट्यावर पंक्चरवाले चाचा आहेत की’ म्हणणारे, असे चार पक्ष मला ठाऊक आहेत. चौथ्याचं बळ सर्वांत मोठं, कारण त्या पक्षात शिरायला काही विकत घ्यावं लागत नाही.

पण पंप निवडण्याआधी वाल बघावा लागतो, आणि ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. काळ्या सायकलचा वाल आपण लहानपणापासून पाहिलेला. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचं टायर बसवलं. तशा टायरांसाठी हा वाल शोधला वुड्स नावाच्या गृहस्थानं, पण ओळखला जातो तो बहुतेक ठिकाणी डनलॉपच्याच नावानं. दूधवाल्याच्या सायकलला हा असतो. खेड्यातल्या मुलींना आठवीपासून पुढे शाळेत जाता यावं म्हणून मानव विकास मिशनमधून ज्या सायकली मिळतात, त्यांनाही बहुधा हाच असतो.

त्याच्या पोटात एक पितळी दांडी, दांडीला एक बारीक छिद्र, आणि छिद्र झाकून बसलेली शेवईसारखी रबरी नळी. हिला वालट्यूब म्हणतात. पंपाची हवा आत शिरते तेव्हा नळी जरा फुगते आणि वाट देते. पंप थांबला की ती पुन्हा छिद्राला चिकटते. स्प्रिंग नाही, पडदा नाही, काही नाही. नवी नळी दांडीवर कोरडी चढत नाही. म्हणून मेकॅनिक ती आधी तोंडात धरतो, ओली करतो आणि चिमटीत फिरवत फिरवत वर सरकवतो. युरोपातलं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान आपल्याकडे असं थुंकीवर चाललं आहे, आणि उत्तम चाललं आहे. मराठवाड्याच्या उन्हानं मात्र ही नळी चिकट होते, फाटते. मग हवा जाते, आणि लोक ट्यूब टबात बुडवून बुडबुडे शोधत बसतात. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नसल्यानं टबातलं पाणीही रोज बदलत नाही, त्यात बुडबुडा दिसणं हे नशिबाचं काम. शेवटी दोष निघतो दोन-पाच रुपयांच्या नळीचा.

दुसरा वाल मोटरसायकलचा. तो गिअरच्या जाड टायरवाल्या सायकलींना असतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तिसरा फ्रेंच वंशाचा प्रेस्टा. बारीक, उंच, आणि डोक्यावर इवलीशी चकती. हवा भरण्याआधी ती चकती सैल करावी लागते. न करता पंप मारला तर माणूस घामानं भिजतो आणि टायर आहे तसंच राहतं. महागाच्या सायकलीला हा हटकून असतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यावी असा नियम आहे, आणि ती मिळतेही. पण तिथल्या नळीचं तोंड मोटरसायकलच्या मापाचं. त्यामुळे एक संवाद ठरलेला असतो:

“सर, ह्याच्यात हवा जाईना.”

“तो बारीक वाल आहे. वरची चकती आधी हळूच सैल करा…”

“तुटली वो सर.”

यावर पितळेचा एक छोटा अडॅप्टर मिळतो. पन्नास-शंभर रुपयांची गोष्ट. तो लावला की प्रेस्टाला मोटरसायकलची हवा चालते. हा अडॅप्टर जगातल्या सर्व सायकलस्वारांकडे असतो आणि पंक्चर होईल त्या दिवशी घरच्या ड्रॉवरमध्ये असतो.

आता हातपंप. वीतभर लांब, सायकलच्या दांडीला अडकवलेला. त्याचे समर्थक स्वावलंबनावर बोलतात. पंप संपत नाही, चार्ज करावा लागत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येतो. सगळं खरं आहे. पण हायब्रिड सायकलच्या टायरला ६० पीएसआयच्या आसपास दाबाची हवा लागते, आणि छोट्या पंपानं तिथे पोचायला दोनशे-अडीचशे झटके मारावे लागतात. पहिले पन्नास उत्साहात जातात. शंभरच्या पुढे प्रत्येक झटक्याला टायर आपल्याला उलट ढकलू लागतं. हवा दाबली की तापते, त्यामुळे पंपाची नळी हाताला चटका देऊ लागते. मे महिन्यात बदनापूरच्या पुढे, सावलीला एक झाड नाही, पारा बेचाळीसच्या घरात, आणि हातात तापलेला पंप. अशा वेळी स्वावलंबनाचे समर्थकही रस्त्याकडे आशेनं बघू लागतात. रेसिंग सायकलवाल्याला तर ८०-९० पीएसआय हवा असते. त्याचे हाल मी सांगत नाही.

हातपंप घेताना एकच गोष्ट बघावी: त्याला वीतभर लवचिक रबरी नळी आहे का. नसेल, तर पंपाचं डोकं थेट वालावर बसतं, प्रत्येक झटक्याला वाल डावी-उजवीकडे हिसडला जातो आणि मुळाशी फाटतो. म्हणजे काट्यानं केलेलं पंक्चर काढून आपण स्वतःचं नवं पंक्चर तयार करतो, तेही पॅच न बसणाऱ्या जागी.

पण हातपंपाचा खरा गुण पुस्तकात नसतो. तो माणसं जमवतो. निर्मनुष्य वाटणाऱ्या रस्त्यावर सायकल उलटी करा आणि पंप मारायला लागा. पाच मिनिटांत कापसाच्या शेतातून एक जण, म्हशीमागून एक जण आणि मोटरसायकलवरून तिघं हजर होतात.

“काय झालं वो?”

“पंचर.”

“कुठून आले?”

“जालन्याहून.”

“सायकलीवर?”

“हो.”

“घरी गाडी नाही का?”

“आहे.”

“मग?”

या ‘मग’ला आजवर कुठल्याही सायकलस्वाराला उत्तर देता आलेलं नाही. आरोग्य सांगावं, तर समोरचा माणूस पहाटेपासून पाणी धरून आलेला असतो आणि त्याच्या पोटावर आपल्या निम्मी चरबी नसते. पर्यावरण सांगायचा तर धीरच होत नाही. पुढचा प्रश्न किमतीचा. आकडा ऐकल्यावर थोडी शांतता पसरते. त्या पैशात काय काय आलं असतं, याचा हिशेब प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाचता येतो. मोटरसायकलवाल्यांचा हिशेब मोटरसायकलपाशी थांबतो, म्हशीवाल्याचा म्हशीपाशी. मग त्यातलाच एखादा तरुण “द्या इकडं” म्हणून पंप हातातून काढून घेतो आणि आपल्याला दहा मिनिटं लागली असती ते काम गप्पा मारता मारता उरकतो. अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री तर राजूरच्या गणपतीला चालत निघालेल्यांची एवढी रीघ असते की त्या रस्त्यावर पंप बाहेर काढूच नये. हात लावणारे शेकड्यांनी मिळतील, पण सल्ला देणारे हजारांनी.

जमलेल्यांत एक ज्येष्ठ असतो. तो पुढे होऊन टायरवर अंगठा दाबतो आणि निकाल देतो, “बास. आता फुटंल.” या अंगठ्यापुढे कुठलंही मीटर चालत नाही. उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी, तापून टायर फुटतं, हे या अंगठ्याचं जुनं मत. हिशेब केला तर पहाटे पंचवीस डिग्रीला भरलेले ६० पीएसआय दुपारी पंचेचाळीसला फार तर ६५ होतात, आणि टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा सहसा त्याच्या वर असते. उलट हवा कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेंगरते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आमच्या रस्त्यांवर खड्डा शोधायला लांब जावं लागत नाही. पण हे त्या ज्येष्ठासमोर बोलायची हिंमत कुणाची? “हो काका” म्हणायचं, ते बांध ओलांडेपर्यंत थांबायचं आणि उरलेले झटके मारायचे.

गॅसवाल्या पक्षाला हे सगळं गावंढळ वाटतं. त्यांच्याकडे करंगळीएवढी लोखंडी बाटली असते, आत १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. वालावर बसवली, पिळली, फस्स, आणि दोन-तीन सेकंदांत चाक टणक. बघायला भारीच वाटतं. हातपंप तापतो, तर ही बाटली एकदम गार पडते. तिच्यावर हिव साचतं आणि उघड्या हातानं धरली तर कातडी चिकटते, म्हणून मोजा घालून धरावी. जालन्याच्या उन्हात गार पडणारी वस्तू कुणाला नको आहे? पण तो आनंद घोटभर पाण्याइतकाही टिकत नाही.

अडचण अशी की या कामात दुसरी संधी नाही. वालावर डोकं नीट बसलं नाही की १६ ग्रॅम गॅस मराठवाड्याच्या वातावरणात जातो, आणि मालक रिकामी बाटली हातात घेऊन उभा राहतो. बारीक टायरला एक बाटली भरपूर होते. डोंगरी सायकलच्या जाड टायरला तीच बाटली जेमतेम तीस-पस्तीस पीएसआय देते. त्यातून हा गॅस रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. आज कडक वाटणारं चाक उद्या सकाळी मऊ झालेलं असतं आणि मालक नसलेलं पंक्चर शोधत बसतो. म्हणून घरी पोचल्यावर गॅस सोडून साधी हवा भरावी, असं जाणकार सांगतात. म्हणजे पंप शेवटी लागतोच! एका फाट्यावर चाचांना मी ही बाटली दाखवली होती. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली. सोड्यात असतो तोच गॅस, एवढं मी सांगितलं. “मतलब टायर में सोडा भरते तुम लोगां?” असं म्हणून त्यांनी ती परत दिली. एका बाटलीच्या पैशात ते दोन-तीन पंक्चर काढून देतात. आणखी चर्चेची त्यांना गरज वाटली नाही.

बॅटरीचा पंप हा या घरातला सर्वांत नवा जावई. मुठीत मावतो, आकडा लावून द्यायचा, घर्रर्र करत तो हवा भरतो आणि आकडा आला की आपणच थांबतो. त्याच्यात नाव ठेवण्यासारखं एवढंच की एखाद-दोन टायर भरली की तो जेवायला मागतो, आणि त्याचं जेवण विजेचं. सायकल हे विनाइंधन वाहन म्हणून आपण घेतलं. आता रात्री झोपताना पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, मनगटावरचं घड्याळ, मोबाइल आणि हवेचा पंप अशी पाच यंत्रं भिंतीला लावायची, आणि नेमकी त्याच रात्री लाईट जायची.

लाईट ही चाचांचीही अडचण आहे. फाट्यावरचं पंक्चरचं दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड, लोंबणारी टायरं आणि लाल रंगाची हवेची टाकी. वीज असेल तर हवा, नसेल तर “साब, बैठो, चाय लो, लाईट आयेंगी.” चहा चांगला असतो, म्हणून मी या पक्षाविरुद्ध फार बोलत नाही. पण ती टाकी ट्रकच्या टायरांसाठी आहे. ट्रकला शंभराच्या वर पीएसआय लागतात आणि टायरही मोठं. सायकलच्या टायरात मावते लिटर-दोन लिटर हवा. नळी एक क्षण जास्त धरली की धडाम. मुरलेले चाचा हे जाणतात. ते नळी टेकवतात, उचलतात, टेकवतात, उचलतात, मधून बोटाच्या पेरानं टायरवर टकटक करून आवाज ऐकतात, आणि त्या आवाजावर थांबतात. धोका आहे तो शेडमध्ये नव्यानं आलेल्या पोराचा. तो मोबाइलवर बोलत हवा मारतो. अशा वेळी नळी आपल्या हातात मागून घ्यावी, लाजू नये. आणि शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेलेले असतात, हे लक्षात ठेवून पंक्चर व्हावं.

या सगळ्या खटाटोपापलीकडे, डोक्यावरून जातो समृद्धी महामार्ग. तिथे सायकलला बंदी आहे, मोटरसायकललाही. आपण पुलाखालून जायचं आणि वरचा घोंघाट ऐकायचा. वरून धावणाऱ्या मोटारींचे मालक हल्ली टायरात नायट्रोजन भरून घेतात, पैसे देऊन. एरवीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, तो आम्ही पुलाखाली फुकट भरतो. राहिलेल्या २२ टक्क्यांसाठी कुणी किती द्यावेत, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

दुसऱ्यानं हवा मारून देणं हे आमच्याकडे माणुसकीत मोडतं. शर्यतींच्या नियमात तो गुन्हा होता. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये यूजेन क्रिस्तोफ या सायकलपटूच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरिनीज पर्वतात तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालला, खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीवर गेला आणि स्वतःच्या हातांनी चिमटा जोडला, कारण दुरुस्ती स्वतःच करायची असा नियम होता. पंच बाजूला उभे राहून बघत होते. लोखंड सांभाळू की भाता चालवू, अशी वेळ आली तेव्हा एका पोरानं भाता ओढून दिला. तेवढ्या हवेबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो कमी करून तीन मिनिटांवर आणला म्हणतात. हा नियम जालना जिल्ह्यात लावला तर एकही माणूस शर्यत पूर्ण करणार नाही, कारण इथे पंप हातातून काढून घेणाऱ्याला नाही म्हणणं हाच अपमान समजला जातो. आजही २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायच्या ब्रेव्हे नावाच्या लांब फेऱ्यांत आपली मदतीची गाडी ठरलेल्या ठाण्यांवरच भेटू शकते, अधल्यामधल्या रस्त्यावर नाही. म्हशीवाल्या काकांना हे कोण समजावणार?

तर माझा निकाल असा. लवचिक नळीवाला हातपंप घ्या. सोबत अडॅप्टर आणि काळी सायकल असेल तर वालट्यूबचा बोटभर तुकडा ठेवा. गॅसची एखादी बाटली असू द्या, पण ती अंधार पडल्यावर किंवा पाऊस लागल्यावर काढायची. भर दुपारी चारचौघांत फस्स करून कुणावर छाप पडत नाही. बॅटरीच्या पंपाची हौस असेल तर तो घरी वापरा, घरचं काम तो झकास करतो. आणि माळ्यावर वडिलांच्या काळचा, पायाखाली दाबून मारायचा पंप पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. तो हवा धरत नाही याचं कारण बहुतेक वेळा आतला चामड्याचा वायसर वाळलेला असतो. वरचं टोपण फिरवून काढा, दांडा बाहेर ओढा, वायसरला खोबरेल तेल चोळा, कडा बोटांनी बाहेर पसरा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पंप हवा धरू लागेल. आणि मोटारीतून जाताना कुणी रस्त्याकडेला सायकल उलटी टाकून पंप मारताना दिसलं, तर काच खाली करून किंमत विचारण्याआधी उतरा आणि पन्नास झटके मारून द्या.